मोलचा तो ६.०२२ वाला आकडा मोजला कोणी, आणि त्याला युनिट आहे का नाही?

रामबागची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न केमिस्ट्रीचा आहे आणि विचारणारी मी कॉमर्सवाली, तेव्हा सांभाळून घ्या. मुलगा अकरावीत आहे, क्लासला जातो, मागच्या आठवड्यात टेस्ट झाली त्यात एका मार्काचा प्रश्न होता की ॲव्होगॅड्रो कॉन्स्टंटची किंमत लिहा. ह्याने ६.०२२×१०^२३ लिहिलं आणि अर्धा मार्क कापला, बाजूला लाल पेनाने नुसतं "युनिट?" एवढंच. घरी येऊन पाय आपटत सांगतो की आई ती संख्या आहे संख्या, डझनला कधी युनिट असतं का. मी म्हटलं सरांना विचार, सर म्हणाले पुस्तक वाच. मग पुस्तक काढलं तर आणखीनच घोळ, कारण त्याच्या चुलत बहिणीच्या जुन्या पुस्तकात लिहिलंय १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके म्हणजे एक मोल, आणि ह्याच्या नव्या पुस्तकात कार्बनचं नावच नाही, सरळ लिहिलंय की एका मोलमध्ये "एक्झॅक्टली" ६.०२२१४०७६×१०^२३ कण. त्यात सासरे पेपर बाजूला ठेवून म्हणाले आमच्या वेळी तर ६.०२३ होतं, म्हणजे काय कण कमी झाले का काय. सासूबाई विचारतात मोल म्हणजे भाव ना गं, कशाचा भाव चाललाय.

तर मला समजून घ्यायचंय की हा आकडा मोजला कोणी, ॲव्होगॅड्रोनेच का, युनिट लागतं का नाही, आणि मुख्य म्हणजे मोजलेली गोष्ट "एक्झॅक्ट" कशी काय असू शकते, माझ्या काट्यावर तर किलोभर साखर पण एक्झॅक्ट येत नाही. मुलाला समजावेन असं सांगा प्लीज, त्याला मी समजावते.

भिया_इंदौरी

अरे ताई सिंपल आहे, ॲव्होगॅड्रो नावाचा सायंटिस्ट होता त्याने १८११ मध्ये मोजलं, म्हणून त्याचं नाव. अर्ध्या मार्कासाठी एवढं टेन्शन नका घेऊ, छप्पनला, आपल्या इंदौरच्या खाऊगल्लीत, घेऊन जा पोराला, विसरून जाईल.

निवृत्त_मास्तर

भिया, छप्पनचं बरोबर, बाकी चूक.

ताई, मी आयुष्यभर हेच शिकवत आलोय त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा. ॲव्होगॅड्रोने काहीही मोजलं नाही. तो इटलीतल्या ट्यूरिनचा, शिकला कायदा, काही दिवस वकिली पण केली आणि मग फिजिक्सकडे वळला. १८११ मध्ये त्याने एवढंच म्हटलं की तापमान सारखं आणि दाब सारखा असेल तर सारख्या आकारमानाच्या कुठल्याही दोन गॅसमध्ये रेणू सारखेच असतात. किती असतात ते त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याची त्याला गरजही नव्हती. आता ह्यातली गंमत मुलाला दाखवा. एका फुग्यात हायड्रोजन भरला, तेवढ्याच दुसऱ्या फुग्यात ऑक्सिजन, आतल्या ऑक्सिजनचं वजन हायड्रोजनच्या सोळापट भरलं, तर रेणू दोन्हीत सारखेच असल्यामुळे ऑक्सिजनचा एक रेणू हायड्रोजनच्या एका रेणूच्या सोळापट जड हे आपोआप निघालं. एकही रेणू न बघता, न मोजता! वकिलाचं डोकं म्हणतात ते हे. पण त्याचं ऐकलं कोणी नाही, तो १८५६ मध्ये गेला, आणि १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला केमिस्ट लोकांची मोठी परिषद भरली तिथे कॅनिझारो ह्या दुसऱ्या इटालियनाने त्याचं म्हणणं परत लावून धरलं, तेव्हा कुठं हळूहळू गळी उतरलं.

आकड्याचा पहिला बऱ्यापैकी अंदाज लागला तो १८६५ मध्ये, व्हिएन्नाच्या लोश्मिटमुळे. त्याने हवेच्या रेणूचा व्यास काढला साधारण एक नॅनोमीटर, जो खऱ्याच्या तिपटीच्या आसपास जातो, पण त्या काळात रेणू असतात का नसतात ह्यावरच भांडणं चालायची, तेव्हा तिप्पट म्हणजे अचूकच म्हणायचं. जर्मन पुस्तकांत कितीतरी वर्षं ह्या आकड्याला लोश्मिटचंच नाव असायचं.

आणि आता माझा आवडता माणूस. पॅरिसचा ज्याँ पेरँ. ह्याने काय केलं, गँबोज म्हणून एक पिवळा चीक असतो, चित्रकार रंगाला वापरायचे, आपल्या कोकमाच्याच जातकुळीतल्या झाडाचा, तो पाण्यात घोळवून त्याचे अगदी बारीक एकसारखे गोल कण वेगळे काढले. मग त्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली, खोली दहावा हिस्सा मिलिमीटर, आणि वेगवेगळ्या उंचीवर किती कण दिसतात ते मोजत बसला. खाली जास्त, वर कमी, दर ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वर गेलं की जवळजवळ निम्मे. आता हवेचं बघा, आपण जसजसे वर जातो तसतशी हवा विरळ होते, पाच-साडेपाच किलोमीटरवर निम्मी. पेरँ म्हणाला की नियम एकच, कण जितका जड तितका लवकर निम्मा होणार. गँबोजचा कण ३० मायक्रॉनला निम्मा होतो, त्याचं वजन मला मोजता येतं. हवेचा रेणू साडेपाच किलोमीटरला निम्मा होतो, मग त्याचं वजन काढा! (पाण्यात कण थोडा तरंगतो त्याची वजावट करावी लागते, पण मुद्दा तोच.) रेणूचं वजन आलं की ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये रेणू किती हे भागाकाराने येतं. त्याला आलं सातच्या आसपास, म्हणजे ७×१०^२३ च्या जवळपास, आजच्या ६.०२ पेक्षा जास्त पण घराणं तेच. १९०९ मध्ये ह्या आकड्याला ॲव्होगॅड्रोचं नाव दिलं ते ह्यानेच, स्वतःचं नाही दिलं. १९२६ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

तर सासरेबुवांना सांगा कण कमी झालेले नाहीत, माप सुधारलं. ६.०२३ आम्ही पण घोकलाय, आणि मी तर बरीच वर्षं शिकवलाय पण.

भिया_इंदौरी

बरं मास्तर, मान्य. पण मग आईन्स्टाईनचं पण काहीतरी होतं ना ह्यात?

निवृत्त_मास्तर

होतं. १९०५ मध्ये त्याने गणित मांडून दिलं की पाण्यातले बारीक कण जे वेडेवाकडे थरथरतात ते पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी, आणि ते किती वेळात किती लांब भटकतात ह्यावरून रेणूंची संख्या काढता येईल. पेरँने ते पण करून बघितलं आणि उंचीवाल्या पद्धतीशी जुळलं. एका रस्त्याने आलेला आकडा लोक नाकारतात, चार वेगळ्या रस्त्यांनी तोच यायला लागला तेव्हा अणू-बिणू काही नसतं म्हणणारे गप्प झाले.

सांवेर_रोड

फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे क्वालिटी कंट्रोलला आहे, बारा तासाची शिफ्ट करून आलोय त्यामुळे थोडक्यात, युनिटचं सांगतो कारण त्यावरून माझे पण मार्क गेलेले.

मुलगा आणि सर दोघं बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलून राहिले. ॲव्होगॅड्रो नंबर ही नुसती संख्या, डझनसारखी, तिला युनिट नाही. ॲव्होगॅड्रो कॉन्स्टंट म्हणजे "पर मोल" इतके कण. प्रश्नात कॉन्स्टंट विचारलं होतं, म्हणून पर मोल लिहायलाच पाहिजे होतं. असं बघा ताई, १२ ही संख्या, पण केळेवाल्याला हिशोब करायचा असला तर "एका डझनाला १२ नग". पाच डझन गुणिले डझनाला १२ नग, डझन आणि डझन कटले, राहिले ६० नग. तसंच मोल गुणिले पर मोल, मोल कटला, उरली कणांची संख्या. युनिट नसतं लिहिलं तर कटणार काय? मोल हे एसआयमधलं, म्हणजे जगभर चालणाऱ्या मापांच्या पद्धतीतलं, किलो, मीटर, सेकंदच्या पंगतीतलं बेस युनिट आहे, १९७१ मध्ये त्याला त्या पंगतीत बसवलं.

दुसरी गोष्ट जी पोरांना कोणी सांगत नाही आणि कंपनीत आल्यावर समजते. कशाचे कण हे बोलल्याशिवाय मोलला अर्थ नाही. "एक मोल ऑक्सिजन" म्हटलं तर अणू का रेणू? अणू असतील तर १६ ग्रॅम, रेणू असतील तर ३२. आणि मिठात तर रेणूच नसतो, सोडियम आणि क्लोरीनची जाळी असते नुसती, तिथे जोडी धरायची, मग ५८.४४ ग्रॅमला एक मोल. साखर ३४२ ग्रॅम, पाणी १८ ग्रॅम. चार चमचे पाणी म्हणजे एक मोलपेक्षा थोडं जास्तच.

आणि खरं सांगू का, मी दिवसभर मोल-मोल करतो, मोलॅरिटी काढतो, टायट्रेशन करतो, पण हा १०^२३ वाला आकडा मी नोकरी लागल्यापासून कॅल्क्युलेटरवर टाईप केलेला नाही. वजन केलं, मोलर मासने म्हणजे एका मोलच्या वजनाने भागलं, झालं. आकडा मागे बसलेला असतो, समोर येतच नाही.

भिया_इंदौरी

तो एवढा मोठा आकडा आहे तरी किती? आपल्या लाख कोटीत सांगा ना, ते घात-बित काही डोळ्यासमोर येत नाही यार.

कण_कण

६०२ कोटी कोटी कोटी. तीनदा कोटी. आज्जी लोकांची एकं दहं शतं वाली मोजणी परार्धाला संपते, म्हणजे एकावर १७ शून्य, तिथे ६० लाख परार्ध होतात. तरी डोळ्यासमोर येत नसेल तर तांदूळ घे. एक दाणा अंदाजे २० मिलिग्रामचा धर. एक मोल दाणे झाले १.२×१०^१९ किलो. जगात वर्षाला पन्नास कोटी टनाच्या आसपास तांदूळ पिकतो, त्या हिशोबाने एक मोल दाणे पिकवायला दोन कोटी चाळीस लाख वर्षं. मग त्याचे पोहे कर आणि सेव टाक.

भिया_इंदौरी

सेव पण एक मोल लागेल 😂

रामबागची_आई

अहो काय सुंदर लिहिलंय सगळ्यांनी! युनिटचं डझनवालं एकदम पटलं, मुलाने पण मान डोलावली (अर्ध्या मार्काचं दुःख आहेच). आणि कोकमाचा भाऊबंद पॅरिसला जाऊन रेणू मोजून आला हे तर सासूबाईंना पण सांगितलं, त्या खूश.

पण माझा मुख्य प्रश्न अजून तसाच आहे. मास्तर तुम्ही म्हणालात माप सुधारत गेलं. मग सुधारत गेलेलं माप एक दिवस "एक्झॅक्ट" कसं झालं? उद्या आणखी चांगलं मशीन आलं आणि ६.०२२१४०७७ निघालं तर?

कॅटच्या_वाटेवर

ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. आमचं काम एक्स-रे डिफ्रॅक्शनचं, म्हणजे एक्स-रे टाकून क्रिस्टलमधली अणूंची मांडणी बघायची, इथे इंदौरला कॅट ह्या संशोधन केंद्रात इंडस-२ म्हणून एक्स-रे देणारं मोठं मशीन आहे तिथे कधीकधी बीम टाईम (मशीन वापरायची वेळ) मिळतो, म्हणून ह्या विषयाशी लांबचं नातं लागतं.

उत्तर आधी सांगतो. निघणारच नाही. कारण २० मे २०१९ पासून तो आकडा मोजायचा राहिलेला नाही, ठरवलेला आहे. १२ नग म्हणजे डझन हे कोणी प्रयोगशाळेत मोजतं का? तसं आता ६.०२२१४०७६×१०^२३ कण म्हणजे एक मोल, संपलं. शेवटच्या ६ च्या पुढे जे आहेत ते सगळे शून्यच.

पण मनाला येईल तो आकडा ठरवला असं नाही, आणि इथेच खरी मेहनत आहे. सराफ्यात तोळ्याचं काय झालं आठवा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सोयीसाठी १० ग्रॅमचा केला, त्यामुळे आजीच्या पाच तोळ्याच्या पाटल्या आणि आजचे पाच तोळे ह्यांचा हिशोब लागत नाही. मोलचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. जुनं मोल आणि नवीन मोल ह्यात कोणालाही, कुठल्याही काट्यावर फरक दिसता कामा नये. म्हणून आधी जुन्या व्याख्येप्रमाणे आकडा शक्य तितका बारीक मोजायचा, आणि मग तिथे खिळा ठोकायचा.

मोजला कसा ते ऐका. सिलिकॉनचा एक गोळा बनवला, एक किलो वजनाचा, व्यास ९३.७ मिलिमीटर, म्हणजे क्रिकेट बॉलपेक्षा मोठा, मोठ्या मोसंबीएवढा म्हणा. एकच अखंड क्रिस्टल. आणि नेहमीचा सिलिकॉन नाही, कारण नेहमीच्या सिलिकॉनमध्ये २८, २९, ३० अशा तीन वजनांचे अणू मिसळलेले असतात आणि त्या भेसळीचं प्रमाण नेमकं किती ह्यातच चूक शिरते. म्हणून रशियात सेंट्रिफ्यूज वापरून जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ वेगळा केला, ९९.९९ टक्के. गोळा घासून इतका गोल केला की उंचसखलपणा नॅनोमीटरांत मोजावा लागतो. आता क्रिस्टलमध्ये अणू रांगेत, शिस्तीत बसलेले असतात, आठ अणूंचा एक डबा, डब्याची बाजू ०.५४३ नॅनोमीटर, ती एक्स-रे ने मोजता येते. गोळ्याचं आकारमान भागिले डब्याचं आकारमान, गुणिले आठ, झाले गोळ्यातले अणू. साधारण २.१५×१०^२५ येतात, घरी कॅल्क्युलेटरवर करून बघा. गोदामात पोती मोजताना लांबी-रुंदी-उंचीचे थर मोजून गुणाकार करतात ना, एकेक पोतं कोणी मोजत नाही, तेच. गोळ्याचं वजन माहीत, एका मोलचं वजन माहीत, त्रैराशिक मांडा, ॲव्होगॅड्रो हजर.

लिहायला चार ओळी लागल्या पण त्यात अनेक देशांच्या लॅबची वर्षानुवर्षं गेली. पृष्ठभागावर ऑक्साईडचा पातळ थर चढतो त्याचं वजन वजा करायचं, क्रिस्टलमध्ये कुठे एखादा अणू गैरहजर असतो तो धरायचा, असलं सगळं.

सांवेर_रोड

हे भारी आहे. पण मग १२ ग्रॅम कार्बनचं काय झालं? जुन्या पुस्तकातली व्याख्या आता खोटी का?

कॅटच्या_वाटेवर

खोटी नाही, पण जागा बदलल्या. आधी असं होतं की कार्बन-१२ च्या एका मोलचं वजन एक्झॅक्ट १२ ग्रॅम, आणि आकडा मोजायचा, म्हणजे त्यात प्लस-मायनस. आता आकडा एक्झॅक्ट, आणि कार्बन-१२ च्या एका मोलचं वजन मोजायचं. ते अजूनही १२ च येतं पण "१२, प्लस-मायनस काहीतरी", आणि ते काहीतरी अब्जात एक हिस्सा पण नाही. प्लस-मायनस कुठेतरी राहणारच ताई, तो आकड्याच्या घरून उठून कार्बनच्या घरी राहायला गेला. तुमचं ते उद्या चांगलं मशीन आलं तर काय, त्याचं उत्तर हेच, ते मशीन कार्बनचं वजन सुधारेल.

त्याच दिवशी किलोची व्याख्या पण बदलली. तोपर्यंत किलो म्हणजे पॅरिसजवळ काचेच्या झाकणाखाली ठेवलेलं प्लॅटिनम-इरिडियमचं एक वजन, खरोखरीचं वजन! ते गेलं आणि किलो प्लँकच्या कॉन्स्टंटवर, म्हणजे क्वांटम फिजिक्समधल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, बांधला. हा सिलिकॉनचा गोळा त्या कामाला पण आला, कारण ॲव्होगॅड्रो आणि प्लँक ह्यांचा गुणाकार आधीपासूनच फार बारीक माहीत होता, एक सापडला की दुसरा सापडतो. दुसरीकडे काही लॅबमध्ये विजेच्या ताकदीने वजन तोलणारा किबल बॅलन्स होता. गोळा आणि बॅलन्स, दोन्हीकडून आकडे जुळले तेव्हाच लोकांनी सह्या केल्या.

निवृत्त_मास्तर

छान सांगितलंत. ताई, मुलाला वाचून दाखवून उपयोग नाही, करायला लावा. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणा, तांब्याच्या दोन पट्ट्या, मोबाईलचा जुना चार्जर, दहा ओहमचा जाड रेझिस्टर आणि मल्टिमीटर. मोरचुदाच्या पाण्यात दोन्ही पट्ट्या एकमेकींना न लागता उभ्या करायच्या, करंट सोडायचा. एका पट्टीचं तांबं सुटतं, दुसरीवर बसतं. तांब्याचा एक अणू बसायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. करंट गुणिले सेकंद म्हणजे एकूण चार्ज, त्याला एका इलेक्ट्रॉनच्या चार्जने, म्हणजे १.६०२×१०^-१९ ने भागा, त्याचे निम्मे करा, इतके अणू बसले. आणि वजन किती वाढलं ते काट्यावर. ६३.५५ ग्रॅमला किती बसले असते ते काढा. हाच तुमचा आकडा, स्वतःच्या हातचा. मोरचूद विषारी असतं, स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही, हात धुवायचे.

कण_कण

मास्तर पण इलेक्ट्रॉनचा चार्ज कुठून आणला? तो आधीच माहीत धरला तर चोरीच झाली की.

निवृत्त_मास्तर

चोरी नाही, उसनवारी. मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून तो वेगळा मोजला होता, त्यात मोलचा संबंध नाही. आणि गंमत म्हणजे मिलिकनचा आकडा आल्यावर लोकांनी ॲव्होगॅड्रो ह्याच वाटेने सुधारला, फॅरेडेचा ९६४८५, म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनचा एकूण चार्ज, होताच, भागाकार करायचा फक्त.

रामबागची_आई

मंडळी, रविवारी केलं! सविस्तर लिहिते कारण घरात अजून निळे डाग आहेत.

मोरचूद राजवाड्याजवळच्या किराण्यात मिळालं, पट्ट्या भांडीवाल्याकडून कापून आणल्या, दोन्ही चिंचेने घासून लख्ख केल्या. खरी अडचण वजनाची, घरच्या काट्यावर पाच ग्रॅमच्या खालचं कळतच नाही. मग सासरे म्हणाले चला सराफ्यात. त्यांच्या ओळखीचे एक सराफ आहेत, त्यांच्याकडे मिलिग्रामचा काटा, काचेच्या पेटीतला. सोमवारी सकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी, मुलगा आणि सासरे तांब्याच्या दोन पट्ट्या रुमालात गुंडाळून गेलो. (वजन आधी शनिवारी केलं आणि नंतर सोमवारी, मधे रविवारी प्रयोग, हे सांगायचं राहिलं.) सराफ म्हणाले काकू तांब्याचं मंगळसूत्र करताय का. मुलाने त्यांना सगळं समजावलं, अगदी दोन इलेक्ट्रॉनपर्यंत, मी बघतच राहिले.

तर आकडे. करंट सरासरी ०.४२ अँपिअर, मुलगा दर पाच मिनिटांनी लिहीत होता. वेळ ४५ मिनिटं. ज्या पट्टीवर तांबं बसलं तिचं वजन वाढलं ०.३५९ ग्रॅम, त्यावरून आकडा आला ६.२६×१०^२३. जी झिजली तिचं कमी झालं ०.३८६, त्यावरून ५.८३. एक वर एक खाली! मुलगा नाराज झाला, मी म्हटलं अरे चहाच्या ग्लासात आणि चार्जरवर सहाच्या आसपास आलं हे काय कमी आहे. दोन्हींची सरासरी ६.०४ येते. तो ग्लास आता कायमचा मोरचुदाचा, वर लाल पेनाने खूण करून माळ्यावर ठेवलाय.

निवृत्त_मास्तर

वा! ताई, फर्स्ट क्लास. सरासरी जुळली त्यात नशिबाचा भाग आहे, त्यावर फार जाऊ नका. वजन वाढलेल्या पट्टीवर तांबं भुसभुशीत, विटकरी पावडरसारखं बसलं असेल आणि धुताना थोडं सुटलं असेल, म्हणून वाढ कमी दिसली आणि आकडा वर गेला. झिजणाऱ्या पट्टीतून नुसते अणूच नाही तर बारीक कपचे पण गळतात, ग्लासच्या तळाला गाळ होता का? म्हणून तिचा आकडा खाली. पुढच्या वेळी करंट निम्मा आणि वेळ दुप्पट, तांबं घट्ट बसेल. आणि धुवून पट्टी पुसायची नाही, वाळू द्यायची.

रामबागची_आई

गाळ होता! आणि मी पट्टी पदराने पुसली होती. म्हणजे माझ्या पदराला पण थोडे कण लागलेत.

एक सांगायचं राहिलं. रात्री जेवताना मुलगा म्हणतो आई, आता हा आकडा पक्का ठरलाय ना, मग त्याच्या अंकांची बेरीज केली, २८ आली, तीनने भाग जात नाही. म्हणजे बरोब्बर एक मोल काहीही घेतलं आणि आम्हा तीन चुलत भावंडांत सारखं वाटलं तर एक कण उरतो. सासूबाई लगेच म्हणाल्या, तो धाकटीला द्यायचा.